अफ्लाटॉक्सिन, सरकीची पेंड आणि ट्राउटची अंडी

‘शंभर टक्के केमिकल-फ्री’ असं छापलेल्या घाण्याच्या तेलाच्या बाटल्या हल्ली गल्लोगल्ली मिळतात. जणू कॅन्सर करणारी रसायनं फक्त कारखान्यातच बनतात! यकृताच्या कॅन्सरसाठी कुप्रसिद्ध असलेलं अफ्लाटॉक्सिन बी-१ बनवते ती दमट शेंगदाण्यावर, मक्यावर वाढणारी बुरशी. दाणे बुरसटलेले असतील तर ते घाण्याच्या तेलातही उतरतं. रिफायनिंगमध्ये मात्र बहुतांशी निघून जातं.

१९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या मत्स्यबीज केंद्रांमध्ये रेनबो ट्राउट माशांच्या यकृतात गाठी होऊ लागल्या. माग निघाला तो खाद्यातल्या सरकीच्या पेंडीपर्यंत, आणि पेंडीत सापडलं अफ्लाटॉक्सिन. पुढे ओरेगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी यातूनच एक चाचणी बसवली. आत गर्भ वाढत असलेली ट्राउटची अंडी अफ्लाटॉक्सिनच्या अगदी सौम्य द्रावणात फार तर तासभर ठेवायची, मग स्वच्छ पाण्यात वाढू द्यायची. त्यानंतर विषाचा कणही द्यायचा नाही. तरी वर्षभरात कित्येक माशांच्या यकृतात गाठी दिसतात.

खरी गंमत पुढे आहे. अफ्लाटॉक्सिन जसंच्या तसं डीएनएला धक्का लावत नाही. यकृतात सायटोक्रोम पी-४५० नावाची विकरं (एन्झाइम्स) असतात. तेलकट, नकोसे रेणू पाण्यात विरघळतील असे करून बाहेर घालवणं हे त्यांचं काम. त्या भरात ती अफ्लाटॉक्सिनच्या ८ आणि ९ क्रमांकाच्या कार्बनवर एक ऑक्सिजन बसवतात. दोन कार्बन, एक ऑक्सिजन असं ताणलेलं कडं तयार होतं: इपॉक्साइड. हे कडं फार काळ टिकत नाही. उघडताना डीएनएच्या चार अक्षरांपैकी (ए, टी, जी, सी) ‘जी’च्या, म्हणजे ग्वानिनच्या, सातव्या क्रमांकाच्या नायट्रोजनला चिकटतं. दुरुस्तीआधीच पेशी विभागली, तर नकलेत ‘जी’च्या जागी ‘टी’ येऊ शकतो. म्हणजे विषाला धार लावतं ते आपलंच यकृत. रसायन डीएनए बिघडवतं का हे जिवाणूंवर तपासणाऱ्या एम्स चाचणीत म्हणूनच उंदराच्या यकृताचा अर्क मिसळावा लागतो, कारण जिवाणूंकडे ही विकरं नसतात. माशाच्या गर्भाकडे स्वतःची असतात, शिवाय त्याच्या पेशी सारख्या विभागत असतात.

पण ट्राउटच का? इपॉक्साइडला ग्लुटाथायोन हा पेशीतलाच एक छोटा रेणू जोडून निकामी करणारं विकर माऊस जातीच्या छोट्या उंदराकडे भरपूर असतं, ट्राउटकडे जवळपास नाहीच. नुसत्या प्रौढ माऊसवर विसंबलो असतो, तर अफ्लाटॉक्सिन सहज निर्दोष सुटलं असतं. थोराड रॅट मात्र त्याला चटकन बळी पडतो!

आता प्रयोगशाळांचा लाडका आहे झेब्राफिश, आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला. त्याचा गर्भ इतका पारदर्शक की साधारण दिवसभरात धडधडणारं हृदय सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. ‘चार दिवसांत कॅन्सरचा निकाल’ असं कुणी छापलं, तर थोडं थांबा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये प्रमाणित केलेली ९६ तासांची चाचणी रसायनाने गर्भ मरतो का, एवढंच पाहते. तेवढ्या काळात डीएनएचे तुकडे झालेले दिसू शकतात, कोणती जनुकं चाळवली तेही कळतं. गाठ व्हायला मात्र महिने लागतात. आणि अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत झेब्राफिश ट्राउटपेक्षा बराच चिवट आहे.