सुदानमधील आपत्कालीन कक्ष

युद्धात सापडलेल्या आणि युद्धामुळे घरदार सोडावे लागलेल्या लोकांसाठी सुदानमधील वस्त्यावस्त्यांतल्या रहिवाशांनी स्वतःच उभारलेले मदतीचे जाळे. अरबीत या कक्षांना ‘गुरफ अत्-तवारी’ म्हणतात. एप्रिल २०२३ मध्ये राजधानी खार्तूम आणि नाईलपलीकडच्या ओमदुर्मान व बहरी या जोडशहरांत ते सुरू झाले आणि पुढे देशभर पसरले. त्यांना ना मुख्यालय आहे, ना एखादा संस्थापक.

१५ एप्रिल २०२३ रोजी जनरल अब्देल फत्ताह अल-बुरहान यांचे सैन्य आणि मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हेमेती यांचे रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यात खार्तूमच्या रस्त्यांवर लढाई जुंपली. काही दिवसांतच परदेशी दूतावास रिकामे झाले. आंतरराष्ट्रीय संस्थांनी आपले कर्मचारी हलवले आणि संयुक्त राष्ट्रांचे काम तांबड्या समुद्रावरील पोर्ट सुदानमधून चालू लागले. गोदामे लुटली गेली. मागे राहिलेल्या लाखो लोकांच्या मदतीला उरले ते त्यांचे शेजारीच. युद्ध लांबत गेले तसतसे एक कोटीहून अधिक लोक बेघर झाले. त्यांतले बहुतेक देशातच इकडून तिकडे फिरत राहिले, बाकीचे चाड, इजिप्त, दक्षिण सुदान अशा शेजारी देशांत गेले.

हे जाळे इतक्या लवकर उभे राहिले, कारण त्याची माणसे आधीपासून एकमेकांना ओळखत होती. डिसेंबर २०१८ मध्ये ओमर अल-बशीर यांच्या राजवटीविरुद्ध उठाव झाला तेव्हा मोहल्ल्यामोहल्ल्यांत ‘प्रतिकार समित्या’ काम करत होत्या. एप्रिल २०१९ मध्ये बशीर पायउतार झाले. पुढे कोविडच्या काळात याच तरुणांनी वस्तीपातळीवर काम केले आणि ऑक्टोबर २०२१ च्या लष्करी उठावानंतर पुन्हा रस्त्यावर उतरले. कोणत्या गल्लीत आजारी म्हातारी राहते, कोणाच्या घरी विहीर आहे, कोणाची गाडी चालू स्थितीत आहे, हे त्यांना ठाऊक होते. त्याखाली आणखी जुना थर ‘नफीर’चा आहे. कापणी, घरबांधणी किंवा पूर अशा वेळी साऱ्या गावाने मिळून कामाला लागण्याची ही सुदानी रीत. २०१३ च्या पुरात खार्तूमच्या तरुणांनी याच नावाने मोठी मदतमोहीम चालवली होती. आपत्कालीन कक्षांना उत्स्फूर्त म्हणण्याची पद्धत पडली आहे, पण ते अर्धसत्य आहे.

सुरुवातीला काम होते माणसे बाहेर काढण्याचे: गोळीबार थांबलेल्या तासाभरात कोणता रस्ता सुरक्षित आहे ते कळवणे, वाहन मिळवणे, जखमींना चालू दवाखान्यापर्यंत नेणे. पाठोपाठ तुटलेल्या वीजवाहिन्या आणि बंद पडलेले पाण्याचे पंप दुरुस्त करणे, दवाखान्यांच्या जनरेटरसाठी इंधन मिळवणे, शाळांत आसरा घेतलेल्या विस्थापितांची व्यवस्था लावणे हेही आले. सर्वांत मोठे आणि सर्वांत खर्चिक काम मात्र सामुदायिक स्वयंपाकघरांचे, ज्यांना तिथे ‘तकाया’ म्हणतात. सूफी मठांत येईल त्याला जेवू घालण्याच्या परंपरेतून हे नाव आले आहे. मोठ्या पातेल्यांत डाळ किंवा ‘फूल’ या नावाने ओळखली जाणारी उकडलेली बाकळी शिजते, लोक डबे घेऊन रांगेत उभे राहतात. अनेक कुटुंबांना दिवसभरात तेवढेच मिळते. स्त्रियांनी स्वतंत्र कक्षही काढले. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रियांना औषधोपचार आणि आधार मिळवून देण्याचे काम पुरुषांच्या समित्यांकडून नीट होणार नव्हते, हे त्यामागचे उघड कारण.

रचना साधी आहे. वस्तीचा कक्ष, त्यावर परिसराचा, त्यावर प्रांताचा. प्रत्येक ठिकाणी कार्यक्रम, हिशेब आणि अहवाल यांची जबाबदारी वेगवेगळ्या माणसांकडे असते. पैसा प्रथम परदेशी राहणाऱ्या सुदानी नातलगांकडून आला, नंतर काही दात्या संस्थांकडून. रोकड मिळेनाशी झाल्यावर बँक ऑफ खार्तूमचे ‘बंकक’ हे मोबाइल अ‍ॅप या व्यवहाराचा कणा बनले. त्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातील दूरध्वनी व इंटरनेट सेवा कोलमडली तेव्हा धान्य घ्यायला पैसेच पोचेनात आणि चुली विझल्या. पुढे अनेक ठिकाणी उपग्रहावरून चालणाऱ्या स्टारलिंकच्या जोडण्यांवर काम भागवावे लागले.

मोठ्या दात्यांशी या कक्षांचे जमणे अवघड होते. सरकारदरबारी नोंद नाही, लेखापरीक्षण नाही, पावत्या मिळाल्याच तर मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांच्या रूपात. २०१६ साली इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत दाते देश आणि मोठ्या संस्थांनी ‘ग्रँड बार्गेन’ या करारानुसार २०२० पर्यंत किमान २५ टक्के निधी शक्य तितक्या थेट स्थानिक व राष्ट्रीय संस्थांपर्यंत पोचवण्याचे कबूल केले होते. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. सुदानमध्येही कक्षांचे कौतुक भरपूर झाले आणि निधी त्या मानाने तुटपुंजा मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा एक हजाराहून अधिक स्वयंपाकघरे बंद पडल्याचे स्वयंसेवकांनी सांगितले. आपल्या मदतीवर एवढ्या चुली पेटत होत्या, हे देणाऱ्यांनाही बहुधा तेव्हाच उमगले असावे.

तटस्थतेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कक्ष स्वतःला कोणत्याही बाजूचे मानत नाहीत. भुकेल्याला जेवू घालताना तो कोणाच्या ताब्यातल्या भागात राहतो हे विचारत नाहीत. पण प्रतिकार समित्या दोन्ही सेनापतींच्या विरोधात होत्या, आणि ते कोणीच विसरलेले नाही. सैन्याचा ताबा असलेल्या भागात स्वयंसेवकांना शत्रूचे हस्तक ठरवून पकडले जाते, रॅपिड सपोर्ट फोर्सेसच्या भागात लष्कराचे हेर म्हणून. दोन्हीकडे स्वयंसेवक मारले गेले आहेत, छळले गेले आहेत. मार्च २०२५ मध्ये सैन्याने रॅपिड सपोर्ट फोर्सेसकडून खार्तूम परत जिंकल्यावर, जे मागे थांबून लोकांना जेवू घालत होते त्यांच्यावरच संशय घेतला गेला. नोंदणीसाठी सरकारी दबावही आहे. नोंदणी केली तर दुसरी बाजू त्यांना सरकारचे मानणार, ही अडचण. परदेशी संस्थेचा कर्मचारी संकट वाढले की हलवता येतो. स्वयंसेवक त्याच गल्लीत राहतो, त्याचे घर सर्वांना माहीत असते.

पश्चिम सुदानातल्या दारफूरमध्ये या कामाची मर्यादाही दिसली. एल फाशेर शहराजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत ऑगस्ट २०२४ मध्ये दुष्काळ असल्याचे निश्चित झाले. रॅपिड सपोर्ट फोर्सेसने एल फाशेरला घातलेल्या वेढ्यात स्वयंपाकघरांकडे धान्य उरले नाही, तेव्हा भुईमुगाच्या तेलघाणीची ‘अंबाझ’ ही पेंड, जी एरवी गुरांना घालतात, ती लोकांच्या ताटात आली. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी शहर रॅपिड सपोर्ट फोर्सेसच्या हाती पडले आणि वाचलेल्यांपैकी अनेकांनी पश्चिमेकडील तवीलाची वाट धरली, जिथे आधीच लाखो विस्थापित जमले होते. मानवी हक्कांसाठीचा नॉर्वेतील रफ्तो पुरस्कार आणि स्वीडनमधील राइट लाइव्हलीहूड पुरस्कार हे दोन्ही सन्मान कक्षांना २०२५ मध्येच जाहीर झाले, म्हणजे वेढा चालू असतानाच.