लाइन आधी, हरकत नंतर: पुण्यातल्या रस्तारुंदीच्या भांडणामागचा इतिहास

पुण्यात कुठल्याही मोठ्या रस्त्याचं काम निघालं की एकच भांडण सुरू होतं. दुकानदार म्हणतात आम्हाला कोणी विचारलंच नाही, महापालिका म्हणते पेपरात नोटीस दिली, हरकती मागवल्या, सुनावणी घेतली, आणि गंमत नाही सांगत पण दोघंही खरं बोलत असतात. रस्ता कसा असावा हे खरंच कोणी विचारलेलं नसतं, आणि नोटीसही खरंच दिलेली असते. ही पद्धत पडली कशी ते नीट बघायचं तर सव्वाशे वर्षं मागे आणि आधी मुंबईला जावं लागतं.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीत हवा खेळत नाही म्हणून रोग पसरतो अशी तेव्हाची समजूत, म्हणून १८९८ ला बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा केला आणि त्या ट्रस्टने जुन्या वस्त्यांमधून सरळ रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, मोहम्मद अली रोड हे सगळे त्यातलेच. नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारायची आणि रेघेत जे येईल ते पाडायचं, असं काम. ज्यांची घरं गेली ते लांब कुठे जाणार, कामधंदा तिथेच, मग ते शेजारच्या चाळींमध्ये घुसले आणि तिथली गर्दी अजून वाढली. दाद मागायची सोय होती, ट्रायब्युनल होतं, पण तिथे वाद मुख्यतः एकाच गोष्टीचा, पैसे किती मिळणार. रस्ता इथूनच का, हा प्रश्न त्यात बसतच नव्हता.

हे फक्त ट्रस्टचं नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मुळात जमीन घेण्यालाच हरकत घ्यायचा हक्क नव्हता, फक्त मोबदल्यावर भांडता यायचं. कलम ५ अ घालून तो हक्क दिला १९२३ मध्ये, म्हणजे तब्बल एकोणतीस वर्षांनी. आपल्याकडे "हरकत" हा प्रकार असा मागून चिकटवलेला आहे, आधी सरकारचा निर्णय आणि मग त्याच्यावर लोकांचं म्हणणं. पुढचे सगळे कायदे याच वळणाने गेले.

वेगळं सांगणारा माणूस तेव्हाही होता. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार १९१४ ला भारतात आला, पुढे १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्याचं म्हणणं एवढंच की आधी वस्तीत पायी फिरा, कोण कुठे राहतं, काय धंदा करतं, विहीर कुठे, देऊळ कुठे ते बघा, आणि मग जिथे खरंच अडतंय तेवढंच पाडा. त्याच्या हिशोबाने असं केलं तर खर्चही कमी येतो आणि माणसंही उठवावी लागत नाहीत. शहरांचे अहवाल त्याने बरेच लिहिले, पण नोकरशाहीला पट्टी ठेवून रेघ मारणंच सोयीचं वाटलं, कारण रेघेचं टेंडर काढता येतं, पायी फिरण्याचं टेंडर कसं काढणार.

त्याच सुमाराला १९१५ चा बॉम्बे टाउन प्लॅनिंग अॅक्ट आला आणि मला विचाराल तर आपल्या हातात आलेला सगळ्यात चांगला मार्ग तोच होता. टीपी म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीममध्ये एका भागातल्या सगळ्या जमिनी एकत्र धरायच्या, त्यातून रस्ते, बागा, शाळा यांना जागा काढायची आणि उरलेली जमीन नव्या चौकोनी प्लॉटच्या रूपात ज्याची त्याला परत द्यायची, लवाद प्रत्येक मालकाचं ऐकणार. रस्त्यासाठी एकट्याचंच घर जात नाही, सगळ्यांचं थोडं थोडं जातं. शिवाजीनगरमधले जुने पत्ते बघा, त्यात "फायनल प्लॉट नंबर अमुक, भांबुर्डा" (भांबुर्डा हे शिवाजीनगरचंच जुनं नाव) असं अजून लिहिलेलं दिसतं, ते या स्कीमचंच. डेक्कनच्या बाजूचे रस्ते आणि पेठांमधले रस्ते यात जो फरक जाणवतो त्याचं एक मोठं कारण हे आहे. पण यातसुद्धा बोलायचा हक्क कोणाला, तर जमीनमालकाला. भाडेकरू, हातगाडीवाला, पायी जाणारा यांचं नाव कुठेच नाही.

स्वातंत्र्यानंतर दोन कायदे आले आणि आजचा सगळा कारभार त्या दोघांवर चालतो. एक १९४९ चा महानगरपालिकांचा कायदा, ज्याच्याखाली १९५० ला पुणे महापालिका झाली. त्यातलं कलम २१० रस्त्याची "रेग्युलर लाइन", म्हणजे रस्त्याची कड कुठपर्यंत ते, ठरवायचं. नवी लाइन मंजूर करायच्या किमान एक महिना आधी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची, आणि शिवाय त्या रस्त्यावरही नोटीस लावायची, म्हणजे तिथे राहणाऱ्याला दिसेल अशी. लेखी हरकती आल्या तर त्यांचा विचार करायचा. कागदावर हे वाचायला चांगलं वाटतं. लाइन एकदा मंजूर झाली की लगेच पाडापाडी होतेच असं नाही, पण इमारत पुन्हा बांधायला काढली की लाइनच्या मागे सरकून बांधावी लागते. म्हणून पेठांमध्ये एकाच रस्त्यावर एक इमारत मागे, दुसरी पुढे, तिसरी अजून मागे, आणि त्यामधल्या खाचांमध्ये टू-व्हीलर उभ्या, असं दृश्य दिसतं. तीस-चाळीस वर्षांपूर्वी ठरलेली रुंदी कागदावर आहे आणि जागेवर निम्मी.

दुसरा कायदा १९६६ चा एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा. विकास आराखडा म्हणजे डीपी, तो प्रसिद्ध करायचा, ठरावीक मुदतीत सूचना-हरकती घ्यायच्या, नियोजन समितीने सुनावणी घ्यायची. पुण्याचा १९८७ चा डीपी असाच झाला आणि त्यानंतरचा २००७ ते २०२७ चा. तो २०१३ ला हरकतींसाठी खुला झाला तेव्हा सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास सूचना-हरकती आल्या. सात जणांची समिती, आणि सत्त्याऐंशी हजार. समितीतही एकमत झालं नाही, मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेकडून काढून घेतला, विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला, आणि मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ ला, म्हणजे २०२७ पर्यंतच्या आराखड्याची निम्मी वर्षं संपल्यावर.

या आकड्याचं कौतुकही करता येईल की पुणेकर किती जागरूक. पण अशा सुनावणीला कधी बसून बघा. बाहेर रांग, हातात आवक नंबर टाकलेला अर्ज, आत भिंतीला नकाशा लावलेला आणि माणूस त्यावर आपला सर्व्हे नंबर शोधतोय, तेवढ्यात नाव पुकारलं जातं, दोन-तीन मिनिटं, "तुमचं म्हणणं लिहून घेतलंय", पुढचा. त्या दोन मिनिटांत माणूस काय बोलणार, माझी जागा वगळा एवढंच ना. रस्त्यावर बस कशी वळणार, दुकानात माल उतरवायचा टेम्पो कुठे उभा राहणार, शाळेची पोरं कुठून क्रॉस करणार, हे बोलायला तिथे जागाच नसते. लोक स्वार्थी आहेत म्हणून असं होत नाही, विचारलंय "हरकत आहे का" म्हणून हरकतच मिळते.

पेठेतल्या दुकानदाराची अडचण तर अजून वेगळी आहे आणि ती बाहेरच्यांना कळत नाही. बरेच दुकानदार पिढ्यानपिढ्या भाडेकरू किंवा पागडीवाले. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, आला, मग तो राज्यभर पसरला, रस्त्याला जागा दिली की रोख पैशाऐवजी एफएसआय (त्याच जागेवर जास्त बांधकाम) किंवा टीडीआर. पण तो मिळणार जागेच्या मालकाला. दुकानाचा पुढचा दहा फूट जाणार भाडेकरूचा, म्हणजे काउंटर, शोकेस आणि रस्त्यावरून दिसणारी पाटी. मग त्याने विरोध केला की आपण म्हणतो व्यापाऱ्यांना शहराचं काही पडलेलं नाही. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, ज्याचं जाणार आणि ज्याला मिळणार ते वेगळे असतील तर विरोध होणारच.

रस्ता "चांगला" म्हणजे काय याची व्याख्याही मधल्या काळात बदलली. जंगली महाराज रस्त्याची गोष्ट पुण्यात सगळ्यांना माहिती आहे, सत्तरच्या दशकात रेकॉन्डो कंपनीने हॉट मिक्सचा रस्ता केला, दहा वर्षं खड्डा पडणार नाही अशी लेखी हमी दिली, १९७६ ला काम झालं आणि पुढे कित्येक वर्षं रस्ता तसाच टिकला. तेव्हा अपेक्षा तेवढीच होती, डांबर चांगलं हवं. डांबराच्या कडेला काय आहे हा प्रश्न नंतरचा.

तो प्रश्न आला २००६ च्या आसपास, आणि एकदम सगळ्या बाजूंनी आला. डिसेंबर २००५ ला जेएनएनयूआरएम ही शहरांना पैसे देणारी केंद्राची योजना, २००६ ला राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण, ज्यात गाड्या नाही तर माणसं हलवायची असं स्पष्ट म्हटलंय. डिसेंबर २००६ ला कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी राखलेली लेन, सुरू झाली, देशातल्या पहिल्या बीआरटींपैकी एक. ती अर्धवट तयारीत सुरू झाली, क्रॉसिंग धड नाहीत, स्टॉप रस्त्याच्या मधोमध, आणि पहिल्याच महिन्यांत दुकानदार, गाडीवाले, बसवाले सगळे वैतागले. त्या अनुभवाचा राग पुढे २०१५ ला आलेल्या जास्त नीट केलेल्या रेनबो बीआरटीलाही भोगावा लागला. नगर रोडवरचा बीआरटीचा भाग अलीकडे उखडला तेव्हा बसने रोज जाणाऱ्यांचं म्हणणं कितीसं ऐकू आलं?

आणि याच २००६ मध्ये पुण्याने एक फार चांगली गोष्ट केली, नागरिकांचं अंदाजपत्रक. आपल्या भागात काय काम हवं ते लोकांनी फॉर्मवर लिहून द्यायचं. फुटपाथ, पथदिवे, बस थांबे, लोक असल्याच साध्या गोष्टी मागायचे. इथे पहिल्यांदा लाइन मारायच्या आधी विचारलं गेलं. रक्कम छोटी, प्रसिद्धी कमी, पण दिशा बरोबर. राज्याने २००९ ला क्षेत्रसभेचा कायदाही केला, म्हणजे मतदान केंद्राच्या पातळीवर लोकांनी बसून आपल्या भागाचं ठरवायचं, खेड्यातल्या ग्रामसभेसारखं. तो कागदावरच राहिला. आज रस्तारुंदीची जी भांडणं कोर्टात जातात त्यातली कितीतरी तिथे बसून मिटली असती असं मला ठामपणे वाटतं.

२०१६ हे वर्ष या सगळ्यात वेगळं. महापालिकेने पादचारी धोरण आणि रस्त्यांच्या डिझाइनच्या मार्गदर्शक सूचना मंजूर केल्या आणि तोच जंगली महाराज म्हणजे जेएम रोड नव्याने करायला घेतला. औंधच्या डीपी रोडवर तर आधी चाचणी घेतली, कायमचं बांधकाम न करता रंग, कुंड्या, तात्पुरते अडथळे लावून फुटपाथ रुंद केला आणि लोकांना चालून बघायला दिलं. नकाशावरची रेघ बऱ्याच जणांना वाचता येत नाही, पण प्रत्यक्ष रस्त्यावर मारलेला पट्टा पोरालाही कळतो. दुकानदार बाहेर येऊन सांगू शकतो की इथे माझा टेम्पो लागतो, सकाळी दहाच्या आत लागतो, तेवढी जागा सोडा, बाकी चालेल. हे सुनावणीत कधी निघणार? तरी पुढे पक्कं काम झाल्यावर पार्किंग गेलं म्हणून औंधमध्ये विरोध झालाच.

पार्किंग हेच खरं दुखणं. मार्च २०१८ ला पे अँड पार्कचं धोरण मुख्य सभेत आलं, गदारोळ झाला आणि शेवटी फक्त पाच रस्त्यांवर प्रायोगिक करू असं ठरलं, मग तेही रखडलं. दुकानासमोर दिवसभर एकच गाडी फुकट उभी राहिली तर गिऱ्हाइकाला जागा कुठून मिळणार, आणि बऱ्याचदा ती गाडी दुकानातल्याच कोणाची असते, हे व्यापारी खाजगीत मान्य करतात. ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन केला, नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक गाड्या बंद. तेव्हापासून दरवर्षी तो होतो, आणि दरवर्षी काही दुकानदार खूश, काही नाराज. पण एक दिवस का होईना प्रत्यक्ष बघून बोलणं होतं.

याच्या अगदी उलट २०२० ला झालं. सहा मीटरच्या तीनशेहून जास्त गल्ल्या कलम २१० खाली नऊ मीटर करायचा प्रस्ताव, तोही कोरोनाच्या काळात, जेव्हा हरकत द्यायला घराबाहेर पडायची पंचाईत. लोकांचा संशय असा की खरी गरज रुंद रस्त्याची नसून नऊ मीटरच्या रस्त्यावर मिळणाऱ्या टीडीआरची आहे. गल्लीतली झाडं जाणार ती वेगळीच. मग मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकच प्रस्ताव मांडणार आणि प्रशासकच मंजूर करणार. ज्या स्थायी समितीने हरकतींचा विचार करायचा असं कायदा गृहीत धरतो, ती समितीच तेव्हा जागेवर नव्हती.

पथारीवाल्यांसाठी २०१४ च्या कायद्याने शहर फेरीवाला समिती आणली, त्यात किमान चाळीस टक्के सदस्य फेरीवालेच हवेत. रस्त्याच्या डिझाइनच्या वेळी मात्र या समितीला बोलावल्याचं क्वचितच दिसतं, आणि मग नवीन फुटपाथ झाला की सहा महिन्यांत तोच माणूस तिथेच बसतो, आता अतिक्रमण म्हणून.

२०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली. तिथल्या कितीतरी रस्त्यांच्या रेघा अजून पक्क्या व्हायच्या आहेत, दुकानं मात्र रोज वाढतायत, वाघोलीत, सूसमध्ये, मांजरीत. कुंड्या आणि रंगाचे पट्टे घेऊन तिथे आत्ता गेलं तर बोलण्यासारखं पुष्कळ आहे, लाइन मंजूर झाल्यावर तिथेही आवक नंबरची रांगच लागेल.