भांगेचे झाड आणि पाणथळ जमीन (विदर्भ)

भांगेचे झाड (कॅनाबिस सटायव्हा) एका हंगामात उगवते, फुलते आणि वाळते. नर आणि मादी झाडे वेगळी असतात, परागण वाऱ्याने होते. पानांपासून भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्यापासून गांजा आणि राळेपासून चरस मिळतो. खोडाच्या सालीचा वाख, म्हणजे दोरासारखा तंतू, निघतो. दलदलीत किंवा तळ्याकाठी हे झाड आपोआप फोफावते, असा एक समज आहे. विदर्भाच्या मातीपुरते पाहिले तरी तो टिकत नाही.

पूर्व विदर्भातला पाणथळ भाग मुख्यतः तलावांचा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत कोहळी समाजाने व मालगुजारांनी (सारा वसूल करणाऱ्या गावच्या जमीनदारांनी) बांधलेले तलाव, गावोगावच्या बोड्या (लहान तळी) आणि त्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्या (बांध घातलेली खाचरे) दिसतात. मालगुजारी १९५०च्या कायद्याने गेली आणि हे तलाव सरकारजमा झाले. कागदोपत्री ते आजही माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा' तलाव. पश्चिमेकडे चित्र वेगळे आहे. तिथे तलाव कमी, पण भारी काळी माती पाणी धरून ठेवते. झड लागली की सखल वावर चिबडते, म्हणजे पाणी साचून लगदा होते, आणि वाफसा यायला दिवसच्या दिवस जातात.

चिबडलेल्या वावरात काय होते, ते कोणत्याही शेतकऱ्याला तुरीवरून कळते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, म्हणून मुळे गुदमरतात. धानाच्या मुळांत आणि खोडात हवेच्या पोकळ्या असतात; पानांकडून आलेली हवा त्यांतून खाली पोचते आणि रोप पाण्यात उभे राहते. तूर, पऱ्हाटी (कपाशी) आणि भांग यांच्याकडे अशी सोय जवळपास नाही. आधी खालची पाने पिवळी पडतात. मग एक चमत्कारिक गोष्ट दिसते: पायाशी पाणी असूनही झाड तहानेने सुकल्यासारखे माना टाकते, कारण गुदमरलेले मूळ पाणी ओढत नाही. पुढे पिथियमसारख्या बुरशीसदृश सूक्ष्मजीवांच्या रोगांनी मुळे तपकिरी होऊन सडतात. त्यातून एखादे झाड वाचलेच, तर दमट हवेत दाट फुलोऱ्यावर करडी बुरशी धरते. शिवाय हे झाड मातीतले कॅडमियमसारखे जड धातू शोषून घेते. दूषित माती निवळण्यासाठी त्याचे प्रयोग झाले ते याच गुणामुळे. खाणी-कारखान्यांचे सांडपाणी उतरणाऱ्या सखल जमिनीत हा गुण घातकच म्हणायचा.

जुन्या परवानाधारक लागवडीचा इतिहासही हेच सांगतो. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या 'इंडियन हेम्प ड्रग्ज' आयोगाने भांग-गांजाची देशभर चौकशी केली. नागपूर, भंडारा आणि चांदा (आजचे चंद्रपूर) हे जिल्हे तेव्हा मध्य प्रांतात होते. पण त्या प्रांतात गांज्याच्या लागवडीला परवानगी होती ती निमाड जिल्ह्यातल्या खंडवा तहसिलीत, तलावांच्या धानपट्ट्यात नव्हे. बंगालात नौगाव (आता बांगलादेशात) हे या पिकाचे ठाणे होते. तो मुलूख नद्यांचा आणि पुराचा, तरीही तिथले शेतकरी पाणी न साचणारी उंच जमीनच निवडत. भांगेचा पाण्याशी खरा संबंध येई तो कापणीनंतर: वाख सुटावा म्हणून खोडे पाण्यात कुजवत. विदर्भात अंबाडी आणि सन (ताग) डोबऱ्यात, म्हणजे डबक्यात, भिजत घालतात, तीच ही रीत. सन मात्र भांगेच्या कुळातला नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. अंमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हा १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे. कलम २० खाली भांगेच्या झाडाच्या बेकायदा लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुरीच्या किंवा कपाशीच्या ओळींत झाडे लावली, म्हणून गुन्हा हलका होत नाही. गावकऱ्यांना सहसा माहीत नसलेली कलमे पुढे आहेत: आपल्या जमिनीत बेकायदा लागवड झाल्याचे कळल्यास लगेच खबर देणे कलम ४६ नुसार जमीनधारकावर, तर कलम ४७ नुसार सरपंच, पंच आणि इतर ग्राम-अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. वाख किंवा बियांसाठी सरकार अटींवर परवानगी देऊ शकते. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेला असा परवाना दिला. त्यात मादक घटकाची मर्यादा ०.३ टक्के आहे.

तळ्याकाठी भांग लावायची म्हटले, तर तलावांची मालकीही आड येते. लहान मामा तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे आहेत. तलावाच्या पोटातली जमीन कोणाच्या खासगी वहिवाटीची नसते. पाणी ओसरले की तिथे गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, होते. भरल्या पाण्यात ढिवर समाज मासेमारी करतो, शिंगाडा लावतो. काठावर मोकळी जागा उरली, तर ती बेशरमच्या झुडपांनी व्यापते. पाण्यात मुळे बुडवून जगण्यात तिचा हात धरणारे झाड या भागात क्वचितच सापडेल.