पाळकसाहेबांना सबॅटिकल हवंय? मग आधी मंडळीचे कागद शोधा (अमेरिकेतल्या मंडळ्यांसाठी)

दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच, की आमचे पाळक इतकी वर्षं एक रविवार न चुकवता उभे राहतायत, आता पार थकलेत, तर तो लिलीचा फंड असतो ना सबॅटिकलसाठी, म्हणजे विश्रांतीच्या लांब रजेसाठी, तो त्यांना कसा मिळेल. पहिली चूक इथेच होते. तो त्यांना मिळत नाही. अर्ज मंडळीचा, म्हणजे चर्चचा असतो आणि पैसेही मंडळीलाच येतात. त्यामुळे पाळकांनी रात्र रात्र जागून एकट्याने लिहिलेला फॉर्म कितीही सुंदर असला तरी पंचांनी मीटिंगमध्ये ठराव केला नसेल, मंडळीला पत्ताच नसेल, तर तो वाचताना लगेच कळतं.

थोडक्यात माहिती आधी. लिली एन्डाउमेंट ही इंडियानापोलिसची १९३७ सालची संस्था, तिच्या पैशावर पाळकांच्या विश्रांतीचा हा कार्यक्रम तिथल्याच ख्रिश्चन थिऑलॉजिकल सेमिनरीमार्फत चालत आलाय. रक्कम बरीच वर्षं ५०,००० डॉलरपर्यंत होती आणि त्यातले १५,०००पर्यंत मंडळीच्या खर्चाला, म्हणजे पाळक नसताना दुसऱ्या कुणाला बोलवायचं त्याचं मानधन वगैरे. आकडा बदलत असतो, म्हणून त्या वर्षाचंच माहितीपत्रक उघडा, मागच्या वर्षीची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते ती नको. इंडियाना राज्यातल्या मंडळ्यांसाठी अर्ज वेगळा आहे. आणि पाळकांचा पगार या पैशातून द्यायचा नाही, तो मंडळीने नेहमीसारखा चालूच ठेवायचा, हे खजिनदारांना आधी सांगा, नंतर सांगितलं की भांडणं होतात.

आता खरं अडतं कुठे, तर टॅक्सच्या कागदावर. फॉर्म म्हणतो मंडळी ५०१(सी)(३), म्हणजे करातून सूट असलेली संस्था असल्याचा पुरावा जोडा, आणि दहातल्या सात ठिकाणी सेक्रेटरी म्हणतात असं पत्र आम्ही कधी पाहिलंच नाही (सात हा माझा अंदाज, कुठला सर्व्हे नाही). ते खोटं बोलत नसतात. अमेरिकेच्या कायद्यात चर्चला ही सूट आपोआप असते, त्यासाठी फॉर्म १०२३ भरायची सक्तीच नाही, मग पत्र येणार कुठून! म्हणजे एकीकडे कायदा म्हणतो कागद लागत नाही आणि दुसरीकडे प्रत्येक जण तोच कागद मागतो. मार्ग असा की तुमची मंडळी मेथडिस्ट, लुथरन, प्रेस्बिटेरियन अशा मोठ्या पंथाखाली असेल तर बहुतेक वेळा त्या पंथाचा ग्रुप एक्झेम्पशन (सगळ्या मंडळ्यांना मिळून एकच करसूट) असतो, त्यांच्या मुख्य ऑफिसला लिहून ‘ही मंडळी आमच्या यादीत आहे’ असं पत्र मागवा. त्याला आठवडे लागू शकतात, म्हणून अर्ज लिहायला बसायच्या आधी हे पत्र मागवायचं, शेवटच्या आठवड्यात नाही.

दुसरा कागद ईआयएनचा, म्हणजे मंडळीच्या टॅक्स नंबरचा. नंबर सगळ्यांना पाठ असतो, पण तो मिळाल्याचं मूळ पत्र, सीपी ५७५, आयआरएस (अमेरिकेचं टॅक्स खातं) एकदाच देते आणि ते कुणा जुन्या खजिनदाराच्या बेसमेंटमध्ये नाहीतर त्यांच्याबरोबर देवाघरी गेलेलं असतं. डुप्लिकेट सीपी ५७५ मिळत नाही, पण त्याऐवजी १४७सी नावाचं पत्र मागता येतं. ते मात्र मंडळीच्या वतीने बोलायचा अधिकार असलेल्यानेच मागायचं, उत्साही तरुण संघाच्या मुलाने फोन करून उपयोग नाही.

आणि हे पत्र आलं की त्यावरचं नाव नीट वाचा. आमच्याकडे बोर्डावर एक नाव, बँकेत त्यातलं एक अक्षर कमी, आणि ईआयएनच्या पत्रावर वीस वर्षांपूर्वीचं, मंडळी दुसऱ्या गावात होती तेव्हाचं नाव. आमचा पहिला अर्ज इथेच लटकला आणि दोष पूर्ण आमचाच होता. अर्जावर कायदेशीर नावच टाका, प्रेमाचं नाव नको.

आपल्या मराठी लोकांसाठी अजून एक. आपल्यातल्या बऱ्याच फेलोशिप दुसऱ्या चर्चच्या इमारतीत दुपारी भाड्याने भरतात, उपासना आपली, चहा आपला, पण हिशोब यजमान चर्चच्या खात्यातून. अशा वेळी कागदोपत्री मंडळी कोण ते आधी ठरवा. स्वतःचा ईआयएन नसेल तर स्वतंत्र मंडळी म्हणून अर्ज टिकणं कठीण.

कागद झाले की योजना. या कार्यक्रमाचा मुख्य प्रश्न साधारण असा आहे, की कशाने तुमचं मन गाऊ लागेल? आणि इथे आपले पाळक गडबडतात, कारण विश्रांती मागायची त्यांना लाज वाटते. मग लिहितात, गावी जाऊन शिबिरं घेईन, अनाथाश्रमाला मदत करीन, राहिलेली डॉक्टरेट पुरी करीन. अहो साहेब, ही तर अजून नोकरी झाली! एका पाळकांचा मसुदा मी वाचला तर त्यात तीन महिन्यांत अठरा उपदेश होते. दोन तास बसून गप्पा मारल्यावर कळलं की त्यांना खरं तर नगरला जायचंय, आजोबांचा बाप्तिस्मा झाला ते देऊळ मुलींना दाखवायचंय आणि रेव्हरंड टिळकांच्या वळणाचं ख्रिस्ती कीर्तन, पेटी-तबल्यासकट, कुणाच्या तरी शेजारी बसून शिकायचंय. मग तेच लिहा ना. बायकोमुलांचा प्रवासखर्चही बजेटमध्ये धरा, त्यात संकोच नको.

मंडळीचा भागही तितकाच जीव लावून लिहा. ‘पंच सांभाळतील’ एवढं एक वाक्य पुरत नाही. रविवारी कोण, दवाखान्यात कोण जाणार, मयत झाली तर कोण, आणि पाळकांना फोन करायचा नाही हे मंडळीला कोण सांगणार, हे नावानिशी ठरवा.

तारखेबद्दल एकच, अर्जाची मुदत आणि रजा सुरू करायची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मध्ये कित्येक महिने असतात. निकालाआधी मुंबईची तिकिटं काढू नका.

शेवटचा मुद्दा व्हिसाचा, जो फंडवाले विचारत नाहीत पण त्यावरच माणसं फसतात. पाळक आर-१ वर, म्हणजे धार्मिक सेवकांच्या तात्पुरत्या व्हिसावर असतील तर आठवड्याला सरासरी किमान २० तास काम ही अट आहे, आणि तास त्याखाली गेले तर मंडळीने १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. म्हणजे अमेरिकेतच राहून तीन महिने सुट्टी ही वाटते तितकी साधी गोष्ट नाही, आधी वकिलाला विचारा. पुढे ग्रीन कार्डसाठी आय-३६० फॉर्म भरायचा असेल तर त्याआधीची सलग दोन वर्षं काम दाखवावं लागतं, पण घाबरू नका, नियमातच सबॅटिकल हा शब्द लिहिलेला आहे. नोकरी चालू असेल, खंड दोन वर्षांपेक्षा जास्त नसेल आणि त्या काळात अमेरिकेत बिनपरवाना काम केलं नसेल तर सबॅटिकलमुळे सलगता तुटत नाही. म्हणूनच पंचांच्या ठरावात ‘लीव्ह’, ‘ब्रेक’ असलं मोघम काही न लिहिता सबॅटिकल हाच शब्द, तारखांसकट आणि ‘पाळक सेवेत कायम आहेत’ या वाक्यासकट लिहून घ्या.

ग्रीन कार्डवाल्यांनी सहा महिन्यांच्या आत परत यावं, नाहीतर पुढे नागरिकत्वाच्या वेळी सलग वास्तव्याचा प्रश्न निघतो. वर्षाच्या वर राहायचं असेल तर रीएंट्री परमिट लागतं, आय-१३१ फॉर्म, आणि तो भरताना माणूस अमेरिकेतच असावा लागतो. नगरला पोचल्यावर आठवण झाली तर काही करता येत नाही.