शिध्यातले पाणी

परदेशात स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेऊन सुट्टी घालवायची ठरली की शिध्याची यादी सुरू होते. काय सोबत न्यावे आणि काय तिथे पोहोचल्यावर विकत घ्यावे, हा निर्णय बहुतेक जण सवयीने किंवा सामानाच्या वजनाकडे पाहून घेतात. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: या पदार्थातले किती पाणी सूक्ष्मजीवांना वापरता येईल?

‘किती पाणी आहे’ आणि ‘किती वापरता येईल’ यांत मोठा फरक आहे. मधात वजनाच्या १७–१८ टक्के पाणी असते, तरी बंद बरणीतला मध वर्षानुवर्षे टिकतो, कारण त्यातले पाणी साखरेच्या रेणूंनी धरून ठेवलेले असते. ऑस्ट्रेलियातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले की जिवाणूंची वाढ पाण्याच्या एकूण प्रमाणापेक्षा या मोकळ्या पाण्यावर अवलंबून असते. त्याचे माप म्हणजे जलसक्रियता. शुद्ध पाण्याची जलसक्रियता १ मानतात, ताज्या मांसाची ०.९९च्या आसपास असते. बहुतेक जिवाणूंना वाढण्यासाठी ०.९१पेक्षा जास्त जलसक्रियता लागते; स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा चिवट जिवाणू ०.८६पर्यंत तग धरून वाढतो, आणि ०.६च्या खाली बुरशीसुद्धा वाढू शकत नाही. नीट वाळवलेले धान्य, कडधान्ये, मसाले, चहा, कोरडी बिस्किटे हे सारे पदार्थ या शेवटच्या रेषेच्या आसपास किंवा खाली असल्याने बॅगेत आठवडाभर निर्धास्त राहतात. शिजवलेला, ओलसर पदार्थ मात्र राहत नाही.

ही जलसक्रियता डोळ्यांनी पाहता येते. एका प्रवासात मी जागा वाचवण्यासाठी मनुका आणि बिस्किटे एकाच घट्ट झाकणाच्या डब्यात भरली होती. चौथ्या दिवशी डबा उघडला तेव्हा बिस्किटे मोडताना आवाजच झाला नाही, ती दमट पुठ्ठ्यासारखी वाकली. मनुका मात्र नेतानाच्यापेक्षा कडक झाल्या होत्या. बाहेरची हवा आत गेलेली नव्हती. पाणी नेहमी अधिक जलसक्रियतेकडून कमीकडे जाते, आणि दोन्ही पदार्थांची पातळी सारखी होईपर्यंत ते डब्यातल्या हवेतून वाफेच्या रूपाने सरकत राहते. म्हणून कोरड्या वस्तू एकमेकींपासून वेगळ्या पिशव्यांत बांधाव्यात, दोन्ही कोरड्या ‘वाटत’ असल्या तरी.

पिशवीतली हवा शक्य तितकी दाबून काढावी. विमानाच्या केबिनमधला दाब उड्डाणात साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका ठेवलेला असतो. यातल्या वरच्या मर्यादेला तो समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश भरतो, आणि पाकिटातली हवा मोकळी पसरू शकली तर तिचे आकारमान एक तृतीयांशाने वाढते. पाकिटाची कच्ची शिवण त्यामुळेच उसवते. निर्वात पॅकिंगचा यात दुहेरी लाभ आहे, कारण ऑक्सिजन नसल्याने सुक्या मेव्यातल्या तेलाला खवट वासही लवकर येत नाही. परंतु ओलसर, आंबट नसलेला शिजवलेला पदार्थ घरी निर्वात करून उबदार जागी ठेवणे धोक्याचे आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूला ऑक्सिजनरहित जागाच हवी असते, आणि तिथे तो अत्यंत घातक विष तयार करतो.

वाळवण्याने सूक्ष्मजीव मरतातच असे नाही, बरेचसे केवळ थांबतात. कोरड्या पावडरीतला साल्मोनेला हा जिवाणू महिनोन्महिने जिवंत राहू शकतो. सीमेवरचे कायदे कडक असतात तेही याच कारणाने. आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या रोगाचा विषाणू खारवून सुकवलेल्या डुकराच्या मांसात कित्येक महिने टिकतो. २००७ मध्ये तो जॉर्जिया या देशात पोहोचला तो जहाजावरचे उष्टे डुकरांना घातल्याने, असे मानले जाते. तिथून तो पुढे युरोपभर पसरला आणि २०१८ मध्ये चीनमध्येही आढळला. माणसाला या रोगाचा अपाय होत नाही, पण त्याने पशुपालकांचे कळप उद्ध्वस्त होतात. अशा रोगांमुळे युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या बहुतेक प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ आत नेता येत नाहीत, मग ते कितीही कोरडे असोत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सोबतच्या खाद्यपदार्थांची नोंद आगमनपत्रात करावीच लागते. मला हे नियम जाचक वाटत नाहीत. एका पाकिटामुळे एखाद्या शेतकऱ्याचे गोठे रिकामे होऊ शकतात.

तेव्हा दूध, अंडी, मांस, भाज्या आणि फळे तिथेच घ्यावीत. दुकानातून परतताना सर्वांत नाजूक वस्तू शेवटी उचलावी, कारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा आहे आणि नाशवंत पदार्थ त्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये; ३२ अंशांपेक्षा अधिक उकाडा असेल तर एकच तास. उरलेल्या भातालाही हाच नियम लागू होतो. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक सुप्त रूपे, शिजवताना वाचतात आणि भात कोमट पडून राहिला की त्यांच्यापासून वाढलेले जिवाणू असे विष तयार करू शकतात, जे पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही.

घर डोंगरात असेल तर कडधान्ये निवडताना थोडा विचार करावा. उंची दर ३०० मीटरनी वाढली की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो, त्यामुळे २,४०० मीटरवर पाणी ९२ अंशांनाच उकळते आणि भिजवलेले चणेही तासन्‌तास कडक राहतात. पाणी जड असेल तर त्यातले कॅल्शियम दाण्यातल्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करून आणखी अडथळा आणते. अशा ठिकाणी प्रेशर कुकर नसेल, तर अख्ख्या कडधान्याऐवजी सोललेली मसूर डाळ न्यावी. तिचे दाणे लहान आणि फुटलेले असल्याने ती तिथेही अर्ध्या-पाऊण तासात मऊ होते.