नाइटमधला के आणि डेटमधला बी

शूर सरदार या अर्थाच्या 'नाइट' शब्दातला पहिला के आपण उच्चारत नाही आणि कर्ज या अर्थाच्या 'डेट' शब्दातला टीच्या आधीचा बीही उच्चारत नाही. शाळेत दोन्ही अक्षरांची बोळवण 'सायलेंट' या एकाच शब्दाने होते. स्पेलिंग पाठ करण्यापुरते ते पुरेसे असले, तरी त्या एका नावामुळे असा समज रूढ झाला आहे की अशी सगळी अक्षरे पूर्वी केव्हातरी उच्चारली जात असत आणि काळाच्या ओघात जिभेने ती टाकून दिली. केच्या बाबतीत हे अगदी खरे आहे. बीच्या बाबतीत मात्र ते साफ चुकीचे आहे, कारण तो बी इंग्रजी बोलीत कधी नव्हताच. तो लेखणीने मागाहून घातला आहे.

आधी के पाहू. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'क्निह्त' असा होता. त्याचा मूळ अर्थ मुलगा किंवा सेवक, आणि त्यातला क स्पष्ट ऐकू येत असे. मधला घशातून घासत येणारा ध्वनीही तेवढाच खरा होता, आणि नॉर्मन राजवटीनंतरच्या लेखनिकांनी तो दाखवण्यासाठी जी आणि एच ही जोडी रूढ केली. इंग्रजीच्या नात्यातल्या भाषांनी हे ध्वनी अजून जपले आहेत. जर्मनमध्ये याच शब्दाचे भावंड 'क्नेख्ट' असे उच्चारले जाते, गुडघ्याला 'क्नी' म्हणतात, रात्रीला 'नाख्ट' आणि मुलीला 'टोख्टर'. स्वीडिशमध्ये सुरी म्हणजे 'क्नीव'. इंग्रज जिभेने सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शब्दारंभीचा हा क सोडून दिला. घशातला ध्वनी बहुतेक ठिकाणी लोपला आणि 'लाफ', 'कफ' अशा काही शब्दांत त्याचा फ झाला. पण विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातल्यापासून छापील रूपे हळूहळू घट्ट होत चालली होती. उच्चार पुढे सरकला, स्पेलिंग मागे राहिले. म्हणून नाइटमधला के हा एका जुन्या उच्चाराचा प्रामाणिक ठसा आहे.

बीची हकीकत याच्या नेमकी उलट आहे. फ्रेंचमधून आलेला 'डेट' हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत डी-ई-टी-टी-ई असा, म्हणजे बीशिवायच, लिहिला जात असे. संशय या अर्थाच्या 'डाउट' शब्दातही तेव्हा बी नव्हता. लॅटिन 'डेबिटुम' आणि 'दुबितारे' या मूळ रूपांमध्ये ब होता हे खरे, पण इंग्रजांनी हे शब्द उचलले त्याच्या कितीतरी आधी फ्रेंच बोलीतच तो गळून गेला होता. पुढे पंधराव्या-सोळाव्या शतकांत लॅटिनच्या अभ्यासाला नवे तेज चढले, तेव्हा शब्दाचे कुळ स्पेलिंगमध्ये दिसले पाहिजे असे विद्वानांना वाटू लागले आणि त्यांनी बी परत आणून बसवला. फ्रेंचांनीही काही काळ या शब्दांत बी लिहिला, पण नंतर काढून टाकला. आजच्या फ्रेंच 'देत' आणि 'दूत' या शब्दांत तो नाही. 'रिसीट'मधला पी असाच लॅटिनकडे पाहून आला. त्याच घरातल्या 'डिसीट' शब्दाला मात्र तो मिळाला नाही, यावरूनच हे काम किती मनमानी होते ते कळते.

हा गोंधळ त्या काळातल्या लोकांनाही जाणवत होता. शेक्सपिअरच्या १५९८ साली छापल्या गेलेल्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' या नाटकात होलोफर्नीस नावाचा एक पंडितमन्य शिक्षक आहे. लोक डाउट आणि डेट हे शब्द बी न उच्चारता बोलतात म्हणून तो संतापतो, आणि त्याच दमात वासरू या अर्थाच्या 'काफ'मधला व 'हाफ'मधला एल आणि 'नेबर'मधला घशातला ध्वनी लोक गिळतात, अशीही तक्रार करतो. मला हा उतारा फार मोलाचा वाटतो. एल आणि जीएच यांबद्दलची त्याची तक्रार निदान इतिहासाला धरून आहे, कारण ते ध्वनी खरोखरच लोप पावत होते. बीबद्दल मात्र तो लोकांकडे अशा ध्वनीची मागणी करतो, जो त्यांच्या आज्यापणज्यांनीही उच्चारला नव्हता.

घातलेले अक्षर दर वेळी खऱ्या मुळाकडे बोट दाखवते, असेही नाही. बेट या अर्थाचा 'आयलंड' हा अस्सल जर्मानिक शब्द आहे आणि तो आय-एल-ए-एन-डी असा लिहिला जात असे. लॅटिन 'इन्सुला'वरून फ्रेंचमार्गे आलेला 'आइल' हा शब्द दिसायला आणि अर्थाने जवळचा. त्याचा एस पाहून सोळाव्या शतकात आयलंडमध्येही एस घुसवला गेला, वास्तविक या दोन शब्दांचे रक्ताचे नाते मुळीच नाही. म्हणजे डेटमधला बी निदान खऱ्या पूर्वजाचा तरी आहे, आयलंडमधला एस मात्र दुसऱ्याच घराण्याचा.

काही घातलेली अक्षरे तर तोंडातही शिरली. वायरिंगमध्ये 'फॉल्ट' आहे असे आपण रोज म्हणतो. हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्यात एल नव्हता. लॅटिनच्या ओढीने आधी तो कागदावर आला आणि मग लोक कागद पाहून उच्चारू लागले. 'अॅडव्हेंचर'मधल्या डीचेही असेच झाले.

मराठीत १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, मग ते व्युत्पत्तीने सिद्ध होणारे असोत वा न होणारे. 'नांव'मधल्या अनुस्वारात संस्कृत 'नाम'मधल्या म-ची खूण होती, तर 'हंसणे'मधल्या अनुस्वाराला 'हस्' धातूत आधार नव्हता. दोन्ही सारखेच गेले. इंग्रजीला असे नियम घालून देणारी संस्था कधी लाभली नाही, म्हणून तिथे दोन्ही प्रकारची अक्षरे शेजारी शेजारी टिकून राहिली आणि ओळखू येईनाशी झाली.

किती शेजारी, ते पाहायचे असेल तर 'शुड', 'वुड' आणि 'कुड' ही तीन क्रियापदे एकाखाली एक लिहावीत. शुड आणि वुड यांतला एल खरा आहे. 'शॅल' आणि 'विल' या त्यांच्या मूळ रूपांत तो आजही ऐकू येतो. कुडचे मूळ रूप 'कॅन' आहे, आणि त्यात एल नाही. केवळ पहिल्या दोघांच्या पंगतीत बसतो म्हणून कुडच्या पानावरही एल वाढला गेला.