पार्श्वभूमी : तेराव्या वर्षी खाते, सतराव्या वर्षी तिकीट

समाजमाध्यमांवर वावरणाऱ्या मुलांच्या गोष्टी पडद्यावर कशा दाखवाव्यात आणि त्या मुलांनी कोणत्या वयात पाहाव्यात, हा वाद आज सुरू आहे; त्याची ही पार्श्वभूमी. लांबच्या माणसांचे बोलणे कथेत आणायच्या युक्त्या जुन्याच आहेत. अठराव्या शतकात पत्ररूप कादंबऱ्या होत्या. मूकपटांनी पडद्याचे तुकडे पाडून टेलिफोनवर बोलणारे एकाच चौकटीत आणले. 1998 मध्ये ईमेलवर जमलेले प्रेम ‘यू हॅव गॉट मेल’ या नावासकट मोठ्या पडद्यावर आले. तोवर तंत्राचे काम निरोप्याचे होते. चारचौघांत आपण कसे दिसतो, कोण आपल्याला मोजते, कोण वगळते, हे प्रश्न त्या कथांत होते, पण यंत्राच्या बाहेर. फेसबुक 2004 मध्ये आले, ‘लाइक’चे बटण 2009 मध्ये, आणि मोजदाद यंत्राच्या आत शिरली.

मनोरंजनाने याची पहिली ठळक दखल घेतली ती संस्थापकांच्या अंगाने. 2010 चा ‘द सोशल नेटवर्क’ कज्जे, भागीदारी आणि मत्सर यांचा चित्रपट आहे; ते संकेतस्थळ वापरणारा माणूस त्यात जवळजवळ नाहीच. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये ‘ब्लॅक मिरर’ ही मालिका सुरू झाली. 2016 मध्ये ती स्ट्रीमिंगवर गेली, तेव्हा त्यातल्या एका भागात प्रत्येक जण दुसऱ्याला पाचपैकी गुण देतो आणि त्या गुणांवर घरसुद्धा ठरते. कल्पना चपखल होती. पण तिचा सूर आधीच धास्तावलेल्या मोठ्यांसाठी लावलेला होता, आणि तो बराच काळ टिकला.

दरम्यान मेसेज दाखवायचा कसा, हा कारागिरीचा प्रश्न बराचसा सुटला. फोनचा क्लोज-अप घेण्याऐवजी शब्द पात्राच्या शेजारी हवेत तरंगू लागले. 2010 च्या ‘शेरलॉक’ या मालिकेने ही रीत जगभर रुळवली, जपानी चित्रपटांनी चॅटचा मजकूर पडदाभर त्याआधीच दाखवला होता. मग सगळी कथाच लॅपटॉपच्या पडद्यावर घडवणारे चित्रपट आले. त्यांतला सर्वांत नेटका, 2018 चा ‘सर्चिंग’, पाहण्यासारखा आहे तो आणखी एका कारणाने. बेपत्ता सोळा वर्षांच्या मुलीच्या खात्यांत बाप एकामागून एक शिरतो, आणि आपण त्याच्या खांद्यावरून वाचतो. मुलगी मात्र बहुतेक वेळ गैरहजर.

मुलीच्या बाजूने सांगितलेली गोष्ट त्याच वर्षी आली : ‘एट्थ ग्रेड’. आज सुरू असलेल्या वादाची बरीच मुळे त्या चित्रपटाच्या प्रमाणपत्रात आहेत, म्हणून त्यावर थोडे थांबणे भाग आहे.

नायिका तेरा वर्षांची. आत्मविश्वास कसा बाळगावा यावर ती व्हिडिओ करते, ते जवळपास कुणी पाहत नाही, आणि शाळेत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. दिग्दर्शक स्वतः किशोरवयात यूट्यूबवरून पुढे आलेला. मूळ संहितेत फेसबुक होते. आता ते कुणी वापरत नाही, असे मुख्य भूमिकेतल्या मुलीनेच सांगितल्यावर ते बदलले. विषय किती भराभर शिळा होतो आणि तो ताजा आहे की नाही हे खरे कुणाला कळते, दोन्ही गोष्टी त्यात आल्या.

अमेरिकेतल्या प्रमाणन मंडळाने चित्रपटाला ‘आर’ दिले. म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना पालक किंवा प्रौढ सोबतीशिवाय प्रवेश नाही. कारणे दोन : भाषा, आणि काही लैंगिक मजकूर. तिथल्या नियमानुसार एक विशिष्ट शिवी नुसती तोंडातून निघालेली असेल तर एकदा चालते. त्याहून जास्त वेळा आली की सहसा ‘आर’. मजकूर म्हणावा तर गाडीतला एक प्रसंग महत्त्वाचा : वयाने मोठा मुलगा नायिकेवर दबाव आणतो, ती नाही म्हणते, आणि वर तीच त्याची माफी मागते. तेरा वर्षांच्या मुलीने एखादा प्रसंग जरूर पाहावा असे म्हणायचे झाले, तर तो हाच.

विसंगती आकड्यांत होती. बहुतेक समाजमाध्यमांवर खाते उघडण्याची किमान वयोमर्यादा तेरा आहे, आणि तिचे मूळ अमेरिकेच्याच 1998 च्या कायद्यात आहे. तेराखालच्या मुलांची माहिती गोळा करायला तो पालकांची संमती मागतो. म्हणजे नायिकेच्या वयाच्या मुलीला खरे खाते रीतसर उघडता येत होते, पण त्या खात्यामुळे होणाऱ्या घालमेलीचा चित्रपट एकटीने पाहता येत नव्हता. वितरकांनी 8 ऑगस्ट 2018 रोजी सर्व 50 राज्यांत प्रत्येकी एका चित्रपटगृहात वयाची अट न लावता फुकट खेळ ठेवले. प्रसिद्धीचा भाग त्यात होताच. तरी मुद्दा खोटा ठरत नाही.

मंडळाच्या बाजूनेही बोलायला हवे. शिव्या मोजणे हे निदान सर्वांना सारखे लागू होते. ‘हेतू चांगला आहे’ हा निकष लावला तर हेतू ठरवणार कोण? शिवाय पालक सोबत असतील तर चित्रपट पाहता येतच होता. पण मुलांनी मुलांचा केलेला छळ दाखवणाऱ्या ‘बुली’ या माहितीपटाच्या वेळी, 2012 मध्ये, हाच वाद होऊन गेला होता. ‘आर’विरुद्ध लाखो सह्या जमल्या, चित्रपट आधी प्रमाणपत्राविना लागला, मग तीन शिव्या काढल्यावर मर्यादा खाली आली. बसमधल्या छळाचा प्रसंग, ज्यावर खरी ओढाताण होती, तो तसाच राहिला. सहा वर्षांनी पुन्हा शिव्यांपाशीच अडकणे, याला सावधगिरी म्हणणे कठीण आहे.

तिकीट खिडकीचा हा काच स्ट्रीमिंगला कधीच नव्हता. तिथे वयाची सूचना पडद्याच्या कोपऱ्यात उमटून जाते. शाळकरी मुलीच्या आत्महत्येवरची ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ ही मालिका 2017 मध्ये आली तेव्हा मुलांनी ती आधी पाहिली आणि सावध करणारी शाळांची पत्रे पालकांच्या हाती नंतर पडली. आत्महत्येचे दृश्य स्ट्रीमिंग कंपनीने काढले ते 2019 च्या जुलैमध्ये.

मग 2025 च्या मार्चमधली ‘अ‍ॅडोलेसन्स’ ही ब्रिटिश मालिका. चार भाग, प्रत्येक भाग एकाच अखंड शॉटमध्ये, आणि खुनाचा आरोपी पुन्हा तेरा वर्षांचा. यात मेसेज हवेत तरंगत नाहीत. कुठल्या इमोजीचा मुलांमध्ये काय अर्थ होतो, हे तपास अधिकाऱ्याला त्याचाच मुलगा समजावतो. इतकी वर्षे पडद्यावर वाचता आलेली गोष्ट इथे मोठ्यांना वाचताच येत नाही. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी ती आपल्या मुलांसोबत पाहिल्याचे सांगितले आणि महिनाअखेरीस ती तिथल्या माध्यमिक शाळांना मोफत देण्याचे जाहीर झाले. काल्पनिक कथेवरून धोरण आखू नये, असा विरोधकांचा आक्षेप होता. त्यात तथ्य आहे. पण 2018 मध्ये जे वय दाराबाहेर थांबवले गेले, त्याच वयाला आता वर्गात बसवून दाखवायचे ठरले, आणि दोन्ही वेळा मुलांना कुणी फारसे विचारले नाही, हे त्या चर्चेत आलेच नाही.

तेराचा आकडाही आता हलला आहे. ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर 2024 मध्ये कायदा करून मर्यादा सोळावर नेली आणि 10 डिसेंबर 2025 पासून ती लागू झाली. दंड 4.95 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, तोही कंपन्यांना, मुलांना नाही. तिथे घडणाऱ्या नव्या मालिकेत तेरा वर्षांच्या पात्राच्या फोनवर इन्स्टाग्राम दिसले, तर ते तिथे कसे आले हे आता पटकथेला सांगावे लागेल.